दोन पदकांमधला ण

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. राजमुद्रेखाली, गुळगुळीत कागदावर, निर्लज्ज खोटं.

ऊन पिवळं, पित्तासारखं. माणदेशाच्या उघड्या माळावर मांडव, मांडवात कर्णा, आणि सुभेदार तातोबा फडतरे यांच्या वृद्ध छातीवर दोन पदकं. सुवर्णकिरणांत लखलखणारी, माश्यांसारखी चिकटलेली. कर्ण्यातून त्या पदकांसोबत आलेले तुमचे कागद वाचले जातायत.

पहिलं पदक, पासष्टच्या लढाईतलं. पंजाबातला जळका ऊस, धूम्रवर्ण, रक्तवर्ण सांज. उसातून कुणी कण्हलं, "पाणी..." नीट ऐका. हिंदीतलं पानी नव्हे, पाणी. जड, घरचा ण. आपलाच गडी म्हणून तातोबा सरपटत गेले, बाटली ओठांना लावली. तो पलीकडचा निघाला. पंजाब्यांच्या जिभेवरही हाच ण असतो, हे तेव्हा कळलं. दोन घोट त्याने घेतले. तिसऱ्याआधी तातोबांची संगीन त्याच्या छातीत. तुम्ही लिहिलंत, 'समोरासमोरच्या झुंजीत शत्रूचा निःपात.' झुंज? थू!

दुसरं, एकाहत्तरचं. बंगालचं दुधाळ, दवार्द्र, प्रेतशुभ्र धुकं. धुक्यातून तोच शब्द, तोच ण. "पाणी..." या खेपेला तातोबा शहाणे झाले होते. पलीकडचाच असणार म्हणून हलले नाहीत. पाणी. पाणी. पाणी. मग नुसतं धुकं. ते विरलं तेव्हा वीस पावलांवर शिरपती होता, गावचा, भिंतीला भिंत लागून घर असलेला. तोंड उघडं, जिभेवर दव. तुम्ही लिहिलंत, 'अविचल धैर्याने जागा राखली.' आणि शिरपतीच्या कागदावर, 'जयघोष करीत वीरगती.'

तो जयघोष शिरपतीच्या साळूबाईने पन्नास वर्षं देव्हाऱ्यात पुजला. आज ती पहिल्या रांगेत बसलीय. मांडीवर हार घातलेली तसबीर.

तातोबा उठले. कर्णा किंचाळला.

"वहिनी, शिरपानं घोषणा न्हाई दिली. पाणी मागितलं. मी ऐकलं. मी गेलो न्हाई."

साळूबाईने तसबिरीवरचा हार बाजूला सारला.

"वाटलंच व्हतं, भावजी. तहान सोसायचीच न्हाई त्यास्नी. आन् मी मेली पन्नास वर्सं नुसती फुलं वाहिली!"

तिने पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला तांब्या उचलला, तसबिरीपुढे मातीत रिता केला. तप्त, तृषार्त, ताम्रवर्ण माती घटघटा प्यायली. तातोबांनी दोन्ही पदकं त्या चिखलात ठेवली.

आता बोला, साहेब. तुमच्या एवढ्या कागदांत पाणी कुठंय?