सोळा पानं पुढे

धाकट्याच्या त्या पत्राला थोरल्याने तीन वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही हरवलं नव्हतं. कपाटावरच्या पुडक्याला सुतळीने बांधलेलं होतं, आणि शब्द न् शब्द पाठ होता: ‘दादा, बाबांच्या पवित्र शास्त्राची पाठ सुटली आहे. दुसऱ्या कोणाच्या हाती ते द्यायला मन घेत नाही. सवडीने बांध. उशीर झाला तरी चालेल, पण घेऊन मात्र तूच ये.’

थोरला पुस्तकं बांधायचा. उभं आयुष्य त्याने खळ, पुठ्ठा आणि दोरा यांत काढलं. धाकटा दुसऱ्या गावी ख्रिस्ती मंडळीचा पाळक होता. रविवारी तो बोलायला उभा राहिला की दीडशे माणसं मान वर करून ऐकत, आणि थोरल्याला वाटे, आपण मात्र जन्मभर मान खाली घालून शिवतच बसलो.

ते शास्त्र, बाबांचं बायबल, तेसुद्धा त्यानेच बांधलेलं, एकोणिसाव्या वर्षी. त्याच्या हातचं पहिलं पुस्तक. बाबा येईल-जाईल त्याला दाखवायचे, “बघा, थोरल्याच्या हातात खोट नाही!” पण लवकरच बाबांची दृष्टी गेली, आणि रोज संध्याकाळी त्यातून वाचून दाखवायला धाकटा बसू लागला. वाचता वाचता तो कधी मध्येच थांबायचा. दोन श्वास. मग पुन्हा सुरू. बाबा डोळे मिटून मान डोलवायचे, आणि पलीकडच्या खोलीत सुई ओढणाऱ्या थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ‘थांबतोय कसा! नाटकी मेला.’ शेवटी बाबांनी ते शास्त्र दिलं कोणाला? वाचणाऱ्याला. बांधणाऱ्याला नाही.

म्हणून त्या शास्त्राचं पुडकं आलं तसं कपाटावर गेलं.

अडचण एवढीच होती, की प्रार्थनेला डोळे मिटले की तेच समोर यायचं. ‘प्रभू, तू सांगशील ते करीन,’ असं म्हणावं, तर आतून कोणीतरी शांतपणे म्हणे, मग ते खाली काढ. थोरला घाईघाईने ‘आमेन’ म्हणून उठायचा. भावाशी अढी ठेवून प्रभुभोजनाला बसू नये म्हणतात; त्या रविवारी तर त्याला हटकून पडसं होई.

पण देवासमोर अगदीच रिकाम्या हाताने जायचं म्हणजे लाज वाटते. त्याने मंडळीची फाटकी गीतपुस्तकं फुकट बांधायला घेतली.

“किती झाली?” एकदा बायकोने विचारलं.

“ऐंशी.”

“देवाने एक मागितलं होतं. तुम्ही ऐंशी देऊन बसलात.”

“देवाने काय मागितलं ते तुला कोणी सांगितलं?”

“कपाट मी पुसते. फडकं त्या पुडक्याजवळ गेलं की तुम्ही खोकता.”

“मला खोकला आहे.”

“तीन वर्षं? अहो, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुमचा तर धंदाच दोऱ्याचा!”

शेवटचा गठ्ठा न्यायला मंडळीचा रखवालदार आला, तेव्हा थोरला म्हणाला, “पुढचा कधी आणतोस?”

“काका, आता फाटकं काही उरलंच नाही. फाडून आणू का?”

तो हसत गेला आणि थोरल्यासमोर टेबल रिकामं राहिलं. दुपारभर तो टेबलाकडे आणि टेबल त्याच्याकडे बघत राहिलं. अखेर त्याने स्टूल ओढलं आणि पुडकं खाली काढलं. प्रेमाने नव्हे, खोटं कशाला सांगा. विद्वान पाळकसाहेबांनी आपल्या बांधणीची काय दशा केली, तेवढं बघायचं होतं.

टाके तोडण्याआधी पानांचे आकडे तपासायचे, हा बांधणीतला पहिला नियम. तो अंगठ्याने पानं सोडत गेला आणि मध्यावर थांबला. आकड्याने उडी मारली होती. सोळा पानांची एक घडी, तिला फर्मा म्हणतात. तसे दोन फर्मे एकमेकांच्या जागी शिवले गेले होते. नवशिक्यानेसुद्धा करू नये अशी चूक. त्याच्या हातची.

पानाच्या तळाशी पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं, धाकट्याच्या शाळकरी अक्षरात: ‘सोळा पानं पुढे.’ पुढच्या खुणेवर: ‘बत्तीस मागे.’ मग पुन्हा: ‘सोळा पुढे.’ बोटं लागून लागून कागद तिथे काळवंडला होता.

थोरला खाली बसला. ते दोन श्वास! आंधळ्या बापाला कळू नये म्हणून मुलगा पानं शोधत होता. थोरल्याच्या हातात खोट नाही, हे बाबांचं वाक्य त्याने मरेपर्यंत खरं ठेवलं. आणि दुसऱ्या कोणाच्या हाती का द्यायचं नव्हतं, तेही आता समजलं. दुसऱ्या बांधणाऱ्याला ती चूक पहिल्याच नजरेत दिसली असती.

ती चूक झाली त्या दिवशी लक्ष कुठे होतं, तेही लख्ख आठवलं. धाकट्याने त्या सकाळी पहिल्यांदा मंडळीत वाचलं होतं, आणि बाबा दिवसभर दुसरं काही बोलत नव्हते.

डोळे भरून यायला हवे होते. आला तो संतापच. “प्रभू, हे बरं नाही,” तो मोठ्याने म्हणाला. “आवाज त्याला, शास्त्र त्याला, आता मोठं मनही त्यालाच? मला ठेवलंस काय?”

या वेळी त्याने ‘आमेन’ म्हणून पळ काढला नाही. डोळे मिटून बसून राहिला. आतून नवीन काही आलंच नाही. तेच जुनं, शांत: काढलंस ना खाली? आता बांध. थकलेल्या माणसाने हातातलं ओझं ठेवावं तसा तो म्हणाला, “बरं. बांधतो.”

चार दिवस लागले. फर्मे जागेवर गेले. पेन्सिलीच्या खुणा पुसायला त्याने रबर हातात घेतलं, आणि परत ठेवलं.

बायको म्हणाली, “आता त्या खुणा चुकीच्या पानावर नेतील की!”

“नेऊ देत. एकदा त्यालाही चुकू दे. मंडळीसमोर.”

तिने डोळे वटारले. तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

उत्तर लिहिताना तीन कागद फाटले. एकात सबबी होत्या, एकात उपदेश होता, एकात बाबांवर राग. चौथ्यावर एवढंच राहिलं: ‘फर्मे मी चुकवले होते. तुझ्यावरच्या रागात शिवले होते. शास्त्र तयार आहे, रविवारी घेऊन येतो. प्रभुभोजन असेल तर माझी जागा ठेव.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्याने पाकीट अर्धं आत सरकवलं, आणि मनात आलं: हा हे पत्र मंडळीला वाचून दाखवणार. लोकांचे डोळे ओले होणार. आणि वाहवा पुन्हा त्याचीच होणार.

बोटं घट्ट झाली. मागे उभ्या असलेल्या बाईने विचारलं, “टाकताय ना, काका?”

तो थांबला. दोन श्वास. मग त्याने बोटं उघडली.