तांब्याभर पाणी

नानासोंनी छत्री वाऱ्याच्या तोंडाला धरली आणि ती क्षणात उलटी झाली. आता काड्या सरळ करत बसायचं निमित्त मिळालं, म्हणजे खाली पाण्याकडे बघायला नको. त्यांना तेवढंच बरं वाटलं.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून लेकीनं, अंकितानं, आईबापाला धरणातल्या लाँचची दिवसभराची फेरी ठरवून दिली होती. "जुनं गाव वरून तरी बघून या," म्हणाली. परतीच्या पावसाचे दिवस, वारा सुटलेला. बर्फातल्या चौकीवर पहारे दिलेला हा माणूस, पण वडूजच्या घरून निघताना दोनदा उंबऱ्यातून मागं फिरला होता. त्या गडबडीत आज जांभळाच्या झाडाला रोजचं पाणी घालायचंही राहून गेलं. हरणाबाई मात्र जड पिशवी मांडीवर घेऊन शांत बसल्या होत्या. ती त्यांनी नवऱ्याच्या हाती एकदाही दिली नव्हती.

पहिली मुलगी एकविसाव्या दिवशी गेली. तान्हं मूल जाळत नाहीत, म्हणून तिला भाताच्या खाचराच्या बांधावर पुरलं. दोन वर्षांनी धरण झालं, गाव उठलं. हरणाबाईंनी एकच हट्ट धरला, तिला पाण्यात सोडायचं नाही, तिच्यावरची माती तरी सोबत आणायची. पण नानासोंना पलटणीतून सुट्टी चार दिवस उशिरा मिळाली, आणि ते पोचले तेव्हा खाचर बुडालं होतं. नव्या गावठाणात वाट बघणाऱ्या बायकोला काय तोंड दाखवायचं? चढावरच्या नाचणीच्या वावरातली माती त्यांनी टॉवेलात बांधून आणली, पुरली आणि वर जांभळाचं रोप लावलं. "आणली गं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून सुट्टीत, आणि फौज सोडल्यावर रोज, ते त्या झाडाला तांब्याभर पाणी घालत. खोटं बोलल्याची शिक्षा त्यांनी आपली आपल्यालाच लावून घेतली होती. आणि सत्तावीस वर्षं या पाण्याकडे ते फिरकले नव्हते.

"नाना, वारं लय हाय," लाँचवाला गुंडा ओरडला. "कडंकडंनं जाऊया का?"

"व्हय, व्हय, कडंनंच घे." नानासोंचा जीव भांड्यात पडला.

"न्हाई. मधनंच घे, गुंडा," हरणाबाई म्हणाल्या. "त्यो सुळका नाकासमोर ठेव."

लाँच वळली. पाऊस आडवा मारत होता. लाटा तळाला थापटत होत्या, आणि नानासोंना वाटलं, खालून कोणीतरी चिमुकल्या हातानं दार वाजवतंय. खाचरामागचा सुळका जवळ आला तशी त्यांनी मान फिरवली आणि ते मुद्दाम पलीकडच्या डोंगराकडे बघत बसले.

"हितं मशीन बंद कर," हरणाबाई गुंडाला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "आवं, तिकडं काय बघताय? ती हितं हाय."

नानासो गर्रकन वळले.

"तुला... कवापासनं?"

"तुमी टॉवेल सोडला तवापासनं. तांबडा मुरूम हुता त्यात. खाचराची माती काळी, चिकट. मी त्यात रोपं लावली न्हाईत व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलणार हुते. सकाळी उठून बघते, तर तुमी तांब्या घिऊन झाडाकडं निघालेला. दुसऱ्या दिवशी बी तेच. मग काय बोलू?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुमी पलटणीत गेला की मी घालायचे."

नानासो रडले. गुंडासमोर, लाज न बाळगता रडले.

हरणाबाईंनी पिशवीतून तोंडाला फडकं बांधलेला तांब्या काढला.

"आज झाडाला घातलं न्हाईसा. घरनं भरून आणलंय."

वरून पाऊस कोसळत होता, खाली धरण काठोकाठ भरलेलं. नानासोंनी छत्री टाकली, तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि कडेवरून वाकून ओतू लागले.

"हळू," हरणाबाई म्हणाल्या. "गार हाय पाणी."