धुळवडीची काठी

आमच्या तांड्यात धुळवडीले बाया गड्यायले काठीनं मारतात. पाहुण्याले नवल वाटते, पण तो खेळच आहे. मधात खांब रोवायचा, त्याले गोडाची हंडी बांधायची, बायायनं राखण करायची अन् गड्यायनं ती पळवाले जायचं. काठी पडली का पाठ द्यायची अन् हसायचं. उलटा हात उचलायचा नाही. आमच्या आज्या-पणज्यायनंही कधी उचलला नाही. माह्या भारतनं यंदा उचलला.

तो खेळात गेला, त्यात चूक माही. पोट्टं एकवीस वर्साचं झालं, पण धुळवडीले कधी तांड्यात थांबलं नाही. सकाळीच वावरात जाऊन बसे. यंदा त्याचं सैन्यात भरतीचं निघालं होतं, दहा दिवसांत जायचं होतं. मी म्हटलं, अबे, जायच्या आधी एकदा तरी चार लोकायत मिसळ, लोकं काय म्हणतीन? तो म्हणे, बा, मले त्यात नको पाठवू. पण मी कोणाचं ऐकणारा माणूस आहो का? खेमसिंगनं म्हटलं म्हणजे म्हटलं. गेला बिचारा.

ममता माह्या पुतण्याची, अमरसिंगची बायको. भारत तिचा लाडका दीर. तिनं मागून येऊन त्याच्या पाठीवर काठी मारली. मारली कायची, नुसती टेकवली. भारत गर्रकन फिरला, काठी हिसकली अन् तिच्या तोंडावर दोन घाव घातले. तिसरा उचलला तवा चौघांनी त्याले आवळून धरलं. मंग काठी हातातून गळली अन् पोट्टं तिथंच ओकलं. म्हणे, मी काय केलं?

ममताचा जबडा मोडला होता. दोघायलेही एकाच गाडीत घालून बाभुळगावले दवाखान्यात नेलं. तिथं दोन घंटे झाले तरी भारतचं काळीज धडधडतच होतं, हातपाय थंडगार. डॉक्टरीण तरणी पोरगी, पण नजर लय तेज. तिनं त्याच्या पाठीवरच्या जुन्या खुणा पाह्यल्या अन् मले बाहेर बोलावलं. म्हणाली, लहानपणी याला खूप मारलंय कोणीतरी. अशा मुलांचं शरीर सारखं मार यायची वाट पाहत राहतं. मागून काही लागलं की डोक्याला कळायच्या आधी हात चालतो. मग तिनं इचारलं, कोणी मारलं?

मी म्हटलं, मले नाही माहीत.

नाही कसं माहीत? त्याची याडी, म्हणजे माय, गेली तवा तो चार वर्साचा होता. रडला का मी मारत होतो, सांडलं का मारत होतो, कधी काही कारण नसलं तरी मारत होतो. बैल हाकायच्या तुतारीनं, पट्ट्यानं, हाती येईन त्यानं. माहं डोकंच तसं. मले वाटे, मार खाऊन लेकरू टणक होते.

दुसऱ्या दिवशी तांड्याचा नायक गुलाबसिंग, त्याच्या वट्ट्यावर नसाब बसली. नसाब म्हणजे आमच्या तांड्याची पंचायत. ममताचे दोघं भाऊ आलते. त्यायचं म्हणणं सरळ होतं. भारतनं असं काहून केलं ते सांगा. पटलं त दंड घेऊन मिटवू, नाही त पोलिसात देऊ. अन् केस लागली म्हणजे पोट्ट्याचं सैन्य गेलं, हे सगळ्यायले माहीत होतं.

मले रातभर झोप नव्हती. उभा राह्यलो अन् सांगून टाकलं. चार वर्साचा होता तवापासून मारलं, थंडीत गोठ्यात बांधून ठेवलं, पाठीवरच्या खुणा माह्या हातच्या आहेत. डॉक्टरीण काय म्हणाली तेही सांगतलं. अख्ख्या आयुष्यात मी लोकायसमोर रडलो नव्हतो, त्या दिवशी रडलो.

लोकं हसाले लागले. गुलाबसिंग म्हणाला, "खेमसिंग, बापाचा मार कोणी नाही खाल्ला? म्याही खाल्ला. म्या कोणाचा जबडा मोडला?"

पण ममताचा मोठा भाऊ हसला नाही. मले त्याच एका माणसाची आशा होती. तो भारतजवळ गेला अन् शांतपणे म्हणाला, "तुहा बाप म्हणते ते खरं आहे का? तू सांग. खरं असलं त मी तक्रार देत नाही."

मी भारतकडे पाहत होतो. मनातल्या मनात म्हणत होतो, सांग बापा, सगळं सांग.

भारतनं मान खाली घातली.

"बानं मले कधी हात लावला नाही."

झालं. त्याची पाठ उघडून कोणी पाह्यलीच नाही; पोराले वाचवाले बाप खोटं बोलून राह्यला, असं ठरलं. दुपारी पोलीस आले अन् त्याले घेऊन गेले. गाडीत बसेपर्यंत त्यानं माह्याकडं पाह्यलं नाही.

लोकं म्हणतात, पोरगं बापाची इज्जत राखून गेलं. त्यायले काय माहीत? शाळेत मास्तर त्याच्या अंगावरचे वळ पाहून इचारत, तवा काय सांगायचं ते मीच शिकवलं होतं. मान खाली घालायची अन् तेवढंच बोलायचं. पाठ होईपर्यंत रोज संध्याकाळी समोर उभा करून म्हणून घेत होतो, चुकला का मारत होतो. पंधरा वर्सं झाली त्याले. नसाबीत त्यानं एक शब्द चुकवला नाही.