लाटांतला सिंह

टानेत्येनं लेकाला अनाथालयाच्या दारात ठेवलं, तेव्हा त्याच्या दुपट्याच्या काठात अर्धा डॉइट शिवला होता. डॉइट म्हणजे तांब्याचं हलकंसं नाणं. त्यात धड पावाचा तुकडा येत नाही. पण तिनं तो निवडून घेतला होता. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ज्याच्या त्याच्या खिशात हॉलंडचा डॉइट, कुंपणात बसलेल्या सिंहाचा. हा तिच्या माहेरचा, झीलंडचा. यातला सिंह लाटांतून अर्धा वर आलेला. लोहाराकडून तिनं तो मधोमध कापून घेतला. सिंह बाळाला, लाटा आपल्याला. ओळख पटवताना घोळ नको.

चार वर्षांनी धुण्याचं कायमचं काम लागलं, आणि ती लेकाला, योसला न्यायला आली.

अनाथालयाच्या मोठ्या बाईंनी वही उघडली. पानापानावर अर्धी नाणी टाचलेली.

"झीलंडचा सिंह? अगं, बंदरातल्या निम्म्या पोरींना हेच सुचतं! खलाशी दुसरं देऊन काय जातात?" बाई वही तिच्यापुढे सरकवत म्हणाल्या, "तू म्हणतेस त्या हिवाळ्यातली अशी दोन पोरं. मला आता बारीक दिसत नाही. तूच लावून बघ."

त्यांतल्या पहिल्याच्या पानाच्या कोपऱ्यात शाईचा क्रूस होता. टानेत्येनं ते झटकन उलटलं. दुसऱ्यावर क्रूस नव्हता.

"या पानावरचा तो काय, खिडकीपाशी बसलाय," बाई म्हणाल्या. " खादाड मेला, पण गुणी आहे हो."

पोरगं ताकातली पेज संपवून बोटानं वाटी पुसत होतं.

तिनं आपल्या लाटा त्या सिंहाखाली धरल्या. नखाएवढी फट राहिली. फिरवून पाहिलं, दाबून पाहिलं. मग तिनं मागचं पान काढलं. तिथं नाणं अलगद बसलं.

ती पुन्हा दुसऱ्या पानावर आली. फटीवर अंगठा ठेवला.

"बसलं ना?" बाईंनी विचारलं.

पोरानं वर पाहिलं. कुणाच्या तरी रुमालाच्या गाठीत याच्या लाटा असतील. तीही रोज चाचपत असेल.

टानेत्येनं अंगठा उचलला.

"नाही बसलं. माझा मागच्या पानावर आहे."

बाईंनी मागचं पान काढून क्रूसावर बोट ठेवलं. मग वहीवर वाकून म्हणाल्या, "आणलास त्याच आठवड्यात गेला गं."

दारापर्यंत जाऊन टानेत्ये थांबली.

"याची आई आली तर तिला सांगा बाई, वाटी बोटानं पुसून खातो म्हणून."