पॅटिस निवेपर्यंत

तिसरं सत्र संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा आयव्हर पेट्शेलच्या हातातलं खिमा-पॅटिस अजून खाण्याजोगं झालेलं नव्हतं. त्याने सवयीने मोठा घास घेतला आणि आतल्या खिम्याने त्याची जीभ सोलून काढली.

"आयला!" तो म्हणाला, आणि घरचंच कुत्रं चावल्यावर माणूस जसा त्याच्याकडे बघतो तसा पॅटिसकडे बघत राहिला.

तिकडचा फुटबॉल हातांनीही खेळतात, सत्रं चार असतात आणि गुण शेकड्यांनी होतात. टारंडा फुटबॉल क्लबच्या कँटीनमधून तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला पॅटिस घ्यायचं, गाडीच्या बॉनेटवर ठेवायचं आणि सत्र संपल्याचा भोंगा झाला की खायचं, हा आयव्हरचा एकतीस वर्षांचा परिपाठ होता. कँटीनची भट्टी लोखंड वितळवण्याच्या हेतूने बनवलेली असावी. पण भोंग्यापर्यंत पॅटिस बरोबर निवायचं. अख्ख्या पंचक्रोशीला हे ठाऊक होतं. आयव्हरने घास घेतला की लोक आपापली पॅटिसं उचलत.

"काय झालं रे?" शेजारच्या पिकअपवरून नेव्हिल स्टॅगने विचारलं. नेव्हिल गावचा खाटीक. क्लबच्या सोडतीत बक्षीस म्हणून जाणारा मटणाचा ट्रे त्याच्याच दुकानातला, त्यामुळे क्लबच्या भवितव्याबद्दल बोलायचा पहिला हक्क आपला असं तो धरून चालायचा.

"पॅटिस गरम आहे. गेल्या शनिवारी चटका बसला, आज जीभच गेली."

"पॅटिस गरमच असतं बाबा. आता त्याच्यावरही संशय का?" नेव्हिलने गुणफलकाकडे बोट केलं. "ते सोड, तिकडे बघ. पहिल्या मॅचला एकशे अडुसष्ट गुणांनी हरलो होतो. मग एकशे बासष्ट, मग दीडशे. गेल्या शनिवारी एकशे चौदा. आज शंभराच्या आसपास आटपेल. पोरं सुधारतायत, आयव्हर!"

"कशात?"

"म्हणजे काय कशात? हरण्यात!"

आयव्हरने मैदानावर नजर फिरवली. टारंडाचा सर्वांत उंच गडी डार्सी मधल्या विश्रांतीत बुटाची नाडी बांधत होता, आणि ती दुसऱ्याच कोणाच्या तरी बुटाची होती.

"ह्यातलं कोणीही सुधारलेलं नाही," तो म्हणाला. "आणि आकडा दर शनिवारी इतका शिस्तीत उतरतो? गवंड्याची विटांची ओळसुद्धा इतकी सरळ नसते. कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुझ्या डोक्यात मुरतंय. लेका, एक शनिवार राहिलाय. पुढच्या मॅचला शंभराच्या आत हरलो तर जिल्हा समिती आपल्याला एकटं जगू देणार. नाहीतर चला शेजारच्या बिन्याराच्या क्लबात विलीन व्हायला. त्यांची जर्सी, त्यांचं गाणं, आणि ह्या मैदानावर मेंढ्या. जरा आशा धर की!"

त्या दिवशी टारंडा एकशे दोन गुणांनी हरलं. कुंपणाभोवती नाकं मैदानाकडे करून लावलेल्या गाड्यांनी आनंदाने हॉर्न वाजवले. आयव्हरने वाजवला नाही. तो त्याच गावासाठी दोनशे अकरा मॅच खेळला होता आणि मैदानावर मेंढ्या चरताना त्याला बघवल्या नसत्या. पण खोट्या आशेपेक्षा मेंढ्या बऱ्या, असं त्याचं मत होतं. मेंढी निदान मेंढीसारखी दिसते.

त्या आठवड्यात त्याने तपास केला. सोमवारी मैदान पावलांनी मोजलं, ते होतं तेवढंच भरलं. मंगळवारी चेंडू नेव्हिलच्या मटणाच्या काट्यावर ठेवला. वजन चोख होतं. ("कापून देऊ का?" नेव्हिलने विचारलं.) बुधवारी त्याने कँटीनवाल्या थेल्माची उलटतपासणी घेतली.

"भट्टी तीच, खिमा तोच, मीही तीच," थेल्मा म्हणाली. "बदललास तर तूच. वय झालं की जीभ पातळ होते."

ही शक्यताही त्याने तपासून पाहिली. शुक्रवारी त्याने कँटीनमधून पाच कच्ची पॅटिसं आणली, घरच्या भट्टीत कँटीनइतकीच तापवली आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढ्यात घेऊन बसला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला पॅटिस नेहमीसारखं लागलं. पंचविसाव्याला चटका बसला. एकविसाव्याला डोळ्यांत पाणी आलं. आणि सतराव्या मिनिटाला जीभ अगदी ओळखीच्या जागी, अगदी ओळखीच्या तऱ्हेने भाजली.

सतरा. त्याने एकशे दोनला सहाने भागलं, कारण एका गोलला सहा गुण. सतरा. मग पहिल्या मॅचचे एकशे अडुसष्ट घेतले. अठ्ठावीस.

पाचवं पॅटिस त्याने खाली ठेवलं. चार सत्रं धरली तर हिशेब लख्ख होता. टारंडा पहिल्या दिवसापासून दर चार मिनिटांना एक गोल ह्याच दराने मार खात होतं. संघ केसभरही सुधारला नव्हता. शनिवार तेवढा आखूड झाला होता.

आणि शनिवार होता एल्व्हीच्या हातात.

मैदानाच्या कडेला खांबांवर एक पत्र्याची खोली होती. तिच्यात वेळ राखायला दोन्ही गावांचं एकेक माणूस बसे. चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबवायचं, आत आला की चालू करायचं, त्यामुळे सत्र वीस मिनिटांचं म्हटलं तरी अठ्ठाविसावर जायचं, आणि नेमकं कधी संपलं हे त्या दोघांखेरीज कोणालाच कळत नसे. टारंडातर्फे बावीस वर्षं तिथे बसत होती ती एल्व्ही, आयव्हरची बायको. गेल्या चव्वेचाळीस वर्षांत आयव्हरने बँकेवर, हवामान खात्यावर, दोन पाद्र्यांवर आणि एकदा दुपारी स्वतःच्या सावलीवर संशय घेतला होता. एल्व्हीवर घ्यायचं मात्र राहून गेलं होतं.

ती आत आली. टेबलावरची उष्टी पॅटिसं तिने पाहिली, घड्याळ पाहिलं, आणि काही न विचारता केकचं भांडं काढलं. दर शुक्रवारी ती पाहुण्या वेळ राखणाऱ्यासाठी स्पंज केक करायची, मध्ये क्रीम आणि जॅम घालून.

"केक किती वेळ भाजतेस?" आयव्हरने विचारलं.

"तेवीस मिनिटं."

"बावीस चालत नाहीत?"

"मधे बसतो."

"आणि शनिवारचं सत्र? ते नाही बसत मधे?"

एल्व्ही अंडी फोडत राहिली. चार अंडी झाल्यावर म्हणाली, "पाहुण्यांना थंडी वाजते. जिंकणाऱ्याला कंटाळा आलेला असतो, हरणाऱ्याला घाई असते. कोणी तक्रार केली नाही."

"त्यांचा माणूस शेजारी बसतो ना? तो काही बोलत नाही?"

"त्याच्या तोंडात केक असतो."

आयव्हर उठून खिडकीपाशी गेला, आणि तिथे करण्यासारखं काही नसल्याने परत आला. "एल्व्ही, ही लबाडी आहे."

"पहिल्या मॅचला मैदानाभोवती नऊ गाड्या होत्या," ती म्हणाली. "नऊ. त्यातली एक बंद पडलेली म्हणून थांबली होती. वरून सगळं दिसतं मला. मी काय तिथे नुसती वेळ मोजते? गाड्या मोजते. आकडा थोडा खाली आला तर चौदा झाल्या. मग एकवीस. गेल्या शनिवारी तेहतीस."

"उद्या पूर्ण वेळ द्यायचा."

"आणि शंभरावर हरलो तर?"

"तर खरोखरचे हरू."

एल्व्हीने हात पुसले. "खांबाला चेंडू लागला तेव्हाही असंच म्हणाला होतास."

ती गोष्ट गावात कोणी मोठ्याने काढत नसे. आयव्हर सव्वीस वर्षांचा असताना, अंतिम फेरीच्या एक पायरी अलीकडच्या मॅचमध्ये, त्याने शेवटच्या मिनिटाला गोल मारला होता. पंचांनी झेंडे हलवले, गाड्यांनी हॉर्न वाजवले, आणि आयव्हर पंचाजवळ जाऊन म्हणाला होता की चेंडू जाताना खांबाला घासला. घासला तर गोल नाही, एकच गुण. टारंडा तीन गुणांनी हरलं. गाव चार महिने त्याच्याशी बोललं नाही, आणि त्यानंतर आजतागायत अख्ख्या जिल्ह्यात कोणी त्याच्या शब्दावर शंका घेतली नाही. कुठे बांधाचा तंटा झाला तरी लोक म्हणत, पेट्शेलला विचारा.

"बरं," एल्व्ही म्हणाली. सकाळी तिने स्वयंपाकघरातलं घड्याळ टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या हातात ठेवलं. "घेऊन बस. विश्वास नाही ना."

शनिवारी बिन्याराचे लोक मेंढ्यांसाठी मैदान बघायला आल्यासारखेच आले. त्यांच्या क्लबचा अध्यक्ष रॉस टिकेल ह्याने गवत बुटाने उकरूनही पाहिलं. आयव्हरने घड्याळ गाडीच्या काचेमागे उभं केलं.

पहिलं सत्र अठ्ठावीस मिनिटं. दुसरं अठ्ठावीस. तिसरंही अठ्ठावीस, सेकंदाला सेकंद. एल्व्हीने शब्द पाळला होता. आयव्हरच्या हिशेबाने टारंडा एव्हाना एकशे सव्वीस गुणांनी मागे असायला हवं होतं. फलकावर फरक होता एक्क्याऐंशी.

तो गाडीतून उतरला आणि फलकाच्या मागे जाऊन बघून आला. मागे काही नव्हतं.

"काय शोधतोयस?" नेव्हिल म्हणाला.

"पंचेचाळीस गुण."

"अरे, ते पोरांनी वाचवले! मंगळवारी सरावाला अठरा जण आले होते. आधी पाच यायचे आणि त्यातला एक कुत्र्याला फिरवायला. आकडा खाली येतोय म्हटल्यावर सगळ्यांनाच वाटायला लागलं, आपल्याला जमतंय. आज डार्सीच्या दोन्ही नाड्या त्याच्याच बुटात आहेत, बघितलंस?"

आयव्हरने बघितलं. खरंच होत्या. पुरावा म्हणून ते पुरेसं नव्हतं, पण नाकारताही येत नव्हतं. तो कँटीनकडे गेला आणि एकतीस वर्षांत प्रथमच चौथ्या सत्राच्या सुरुवातीला पॅटिस घेऊन आला. त्याच्यासाठी थांबलेल्या बाकीच्यांनीही मग त्याच्यामागे रांग लावली. नेव्हिलचा चेहरा उतरला.

"तिसऱ्यात का नाही घेतलंस? अपशकुन रे!"

"तिसऱ्यात घड्याळ बघत होतो."

सतराव्या मिनिटापर्यंत टारंडाने जीव तोडून खिंड लढवली. त्यानंतर एकेकाचे पाय जड झाले. महिनाभर आखूड सत्रं खेळून त्यांचा दमच तेवढा राहिला होता. डार्सी गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. शहाऐंशी. ब्याण्णव. तेविसाव्या मिनिटाला अठ्ठ्याण्णव.

चेंडू पुन्हा टारंडाच्या खांबांपुढे आला. दहा-बारा जण त्याच्यावर कोसळले. बिन्याराच्या एकाच्या हाताला चेंडू लागला, निसटला, उसळला...

भोंगा वाजला.

आयव्हरने घड्याळाकडे पाहिलं. चोवीस. चार मिनिटं बाकी होती. त्याने वर पाहिलं. बिन्याराचा म्हातारा वेळ राखणारा बशीतलं क्रीम बोटाने निपटत होता. एल्व्ही त्याच्याकडेही बघत नव्हती आणि आयव्हरकडेही नाही. ती गाड्यांकडे बघत होती.

सगळीकडून हॉर्न सुरू झाले. नेव्हिल पिकअपवर उभा राहून रडत होता आणि मटणाचा ट्रे डोक्यावर धरून नाचवत होता. त्या गलक्यातून वाट काढत रॉस टिकेल आयव्हरच्या गाडीपाशी आला. आयव्हरने घड्याळावर टॉवेल टाकला.

"पेट्शेल," रॉस म्हणाला, "लवकर वाजला वाटतं भोंगा."

"वाटतं?"

"आमचा म्हातारा म्हणतो त्याचं लक्ष होतं. पण त्याच्या मिशीला जॅम लागलाय. तुझ्याकडे घड्याळ दिसलं मला मघाशी. हे बघ, मी समितीकडे जाणार नाही, कोणाला विचारणार नाही. फक्त तुला विचारतो. तू खांबाला लागलेला चेंडू सांगणारा माणूस. वेळ पूर्ण झाला होता का?"

नेव्हिलने ट्रे खाली घेतला. आजूबाजूच्या तीन-चार गाड्यांचे हॉर्न थांबले.

"घड्याळाचा मला भरवसा नाही," आयव्हर म्हणाला. त्याने बॉनेटवरचं पॅटिस उचललं. कागदातूनसुद्धा ते बोटांना लागत होतं. "माझा भरवसा ह्याच्यावर."

रॉसने मान हलवली. हे त्यालाही माहीत होतं, बिन्यारातही माहीत होतं.

आयव्हरने मोठा घास घेतला. नेहमीएवढाच, किंचित मोठाच. खिमा टाळूला चिकटला. त्याने तोंड मिटलं आणि घाई न करता चावला. एकदा, दोनदा, तीनदा. मग गिळला. तो घशातून खाली कुठवर गेला हे त्याला शेवटपर्यंत कळत होतं. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं, हनुवटीपर्यंत गेलं.

"निवलंय," तो म्हणाला.

रॉस टिकेल त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. मग त्याने टोपी काढली आणि आयव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "समजतं मला," तो हळूच म्हणाला. "क्लब म्हणजे शेवटी क्लब असतो."

तो गेल्यावर बाकीच्या गाड्यांमध्येही लोकांनी आपापली पॅटिसं उचलली, आणि थोड्याच वेळात मैदानाच्या पूर्वेकडून एकामागून एक किंकाळ्या ऐकू आल्या.

एल्व्ही रिकामी बशी घेऊन खाली उतरली आणि गाडीत येऊन बसली. तिने टॉवेल उचलला, घड्याळ पाहिलं आणि पुन्हा झाकलं. थर्मासच्या झाकणात गार पाणी ओतून तिने त्याच्या हातात दिलं. आयव्हरने ते गालात धरून ठेवलं. कुंपणाशी डार्सीला कोणीतरी उचलून घ्यायचा प्रयत्न करत होतं, आणि तो उंच असल्यामुळे ते जमत नव्हतं.

"एक्केचाळीस गाड्या," ती म्हणाली.

आयव्हरने पाणी गिळलं. जीभ नीट वळत नव्हती, म्हणून त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"आपली धरून की सोडून?"