सात जणांचा कोर्स

चौथ्या फोनने विचारलं, "आपण अजून पाहत आहात का?" आणि मी पिठाच्या बोटाने 'होय' दाबलं.

ओट्यावर सात फोन भिंतीला टेकवून ओळीने उभे होते. सातही यार्डातल्या माणसांचे. आमचे हे, म्हणजे निकेश, उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात गेटवर कामाला आहेत. कंपनीने फतवा काढला, की धोकादायक माल कसा हाताळायचा याचा चाळीस तासांचा ऑनलाइन कोर्स महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाने पुरा करायचा. सर्टिफिकेट नसेल तर गेटपास नाही, आणि गेटपास नसेल तर नोकरी नाही. कोर्स फुकट होता, कुणालाही खुला होता. देशभरातून दोन लाख माणसं एकदम शिकतायत म्हणे. आता बारा तास उन्हात उभा राहून आलेला माणूस घरी बसून व्हिडिओ बघेल, असं ज्या कुणाला वाटलं, तो उन्हात कधी उभा राहिला नसावा.

ह्यांनी पहिल्याच दिवशी फोन माझ्या हातात दिला.

"तू घरातच हायस. नुसता चालू ठेव. मधी मधी विचारतो, तवा दाब."

यार्डात फोन न्यायला तशीही बंदी. आठवड्याभरात बातमी गावात फुटली आणि आणखी सहा जण ड्युटीवर जाताना आपापले फोन आमच्या ओट्यावर ठेवून जायला लागले. फुकट नाही हं. कुणी कोलंबी आणून देई, कुणी खाडीतले निवटे मासे. सासूबाईंना, गोदूबाईंना, त्याची भारी गंमत वाटायची.

"काय गो पूनम, एक नवरा सांबालताना दम लागायचा, आता सात सात झाले!"

"सातही गप्प बसून ऐकतायत, आई. एक होता तो कुठं ऐकायचा?"

एकच धडा सात वेळा कानावर पडला तर भिंतीलाही पाठ होईल. मी तर बारावी पास. सुरुवातीला ती नुसती कटकट होती. मग एक दिवस भाकरी थापता थापता माझ्या लक्षात आलं, की व्हिडिओतला मास्तर पुढे काय बोलणार ते मी आधीच बोलतेय. कंटेनरवरच्या चौकोनी पाट्या, त्यांचे रंग, आकडे, कुठल्या मालाशेजारी कुठला माल ठेवायचा नाही, धूर निघाला तर वारा कुठून येतोय ते आधी बघायचं. लग्नानंतर अठरा वर्षांत माझ्या डोक्यात नवीन काही शिरलं नव्हतं. हे शिरलं. मला आवडलं. खरंच आवडलं.

परीक्षाही मीच दिल्या. सातही जणांना शंभर पडले असते तर कुणालाही संशय आला असता, म्हणून प्रत्येकाच्या पेपरात ज्याच्या त्याच्या अकलेप्रमाणे चुका केल्या. हर्षदला एकाहत्तर दिले, कारण हर्षद एकाहत्तरचाच आहे. ह्यांना शहाण्णव. बायकोने नवऱ्याचे मार्क कापायचे? जीव धजावला नाही.

कोर्स संपल्यावर यार्डात छोटा कार्यक्रम झाला. घरच्यांनाही बोलावलं होतं. शेडमध्ये खुर्च्या, समोसे, मागे बॅनर. बेलापूरच्या ऑफिसातून रुचिका मॅडम आल्या होत्या, ट्रेनिंगच्या प्रमुख.

"ऑनलाइन शिकून काही होत नाही, असं मला सगळे म्हणत होते," त्या माइकवर म्हणाल्या. "जगभर शंभरातले दहा लोकसुद्धा असे कोर्स पुरे करत नाहीत. तुमच्यात शंभर टक्के झाले!"

टाळ्या पडल्या. त्यात एक हात नव्हता, तो अंबाजी सुपरवायझरांचा. तीस वर्षं यार्डात काढलेला माणूस.

"मॅडम, राग मानू नका," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "व्हिडिओ बघून कोन पोवाय शिकलाय का? ह्यांना पाण्यात टाका, मंग कलंल."

मॅडमना ते झोंबलं. "विचारूया ना मग. निळी पाटी आहे, वर ज्वाळेचं चित्र आहे, कंटेनरमधून धूर येतोय. आधी काय कराल?"

"पाणी मारायचं!" हर्षद छाती काढून ओरडला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्या ह्यांनीही.

"पाणी अजिबात नको," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. मीच म्हणाले होते. आता थांबणं शक्य नव्हतं. "निळी पाटी म्हणजे पाणी लागलं की पेट घेणारा गॅस सुटतो. आधी माणसं बाजूला काढायची, वाऱ्याच्या उलट्या दिशेला. पाटीवरचा आकडा लांबूनच वाचायचा आणि फायर ब्रिगेडला तोच सांगायचा."

मॅडम माइक घेऊन मागच्या रांगेपर्यंत चालत आल्या.

"तुम्ही केलाय हा कोर्स?" मॅडमनी विचारलं.

सात जण मागे वळून माझ्याकडे बघत होते. हर्षदचा चेहरा पांढराफटक. ह्यांनी मान खाली घातली होती. हर्षदचं बाळ चार महिन्यांचं होतं, बायको त्याला मांडीवर घेऊन माझ्याच शेजारी बसली होती.

"नाही," मी म्हटलं. "हे घरी बघायचे. कानावर पडत होतं."

"बघा!" मॅडम खुलल्या. "नुसतं कानावर पडून घरच्या बाईला येतं! एवढा परिणामकारक आहे हा कोर्स!"

"बघा!" अंबाजीही तितक्याच जोरात म्हणाले. "सर्टिफिकेटवाल्यांना येत न्हाय! एवढा कुचकामी हाय ह्यो कोर्स!"

दोघं बराच वेळ भांडले. मधे मी उभीच होते. मला खाली बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

निघताना मॅडमनी मला गाठलं. यार्डात सेफ्टी डेस्क सुरू होणार होतं. बारावी पास, स्थानिक माणूस हवं, बाई असेल तर उत्तमच. गेटमधून येणाऱ्या धोकादायक मालाची पाटी आणि कागद ताडून बघायचे. "फॉर्म शनिवारपर्यंत भरा. फक्त सर्टिफिकेट जोडा."

मला ती नोकरी हवी होती. इतकी, की घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तो फॉर्म दोनदा भरला.

आल्या आल्या मी माझ्या फोनवर कोर्स उघडला. नोंदणी बंद. पुढची तुकडी सहा महिन्यांनी.

महिनाभर तो सगळ्यांना खुला होता. दोन लाख माणसांत आणखी एक नाव. सात जणांची नावं मी स्वतः घातली होती, स्पेलिंग विचारून विचारून. माझं घालायचं मला सुचलंच नाही. कुणी अडवलं असतं तर निदान त्याला शिव्या दिल्या असत्या.

"मॅडमला खरं सांगू का?" रात्रीच्या जेवणाला मी ह्यांना विचारलं.

ह्यांचा घास हातातच राहिला. "सांग की. तुजा हक्क हाय. पन मंग आमी सातही घरी. मी न्हाय अडवत."

ते खरंच अडवत नव्हते. तेच अवघड होतं. मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. मग मी त्यांना आणखी भात वाढला.

शनिवारी ह्यांनी फॉर्म भरला. बारावी हेही पास होते, आणि शहाण्णव मार्क यार्डात दुसऱ्या कुणालाच नव्हते. पुढच्या सोमवारी डेस्क मिळालं. सावलीतलं काम, पंखा, खुर्ची. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर माझ्याही हातावर दिली.

"नोकरी घरातच आली ना? तुजी न् त्याची काय येगली हाय?"

मी साखर खाल्ली. गोड होती.

डेस्कवर कंपनीचा फोन आहे. पहिल्या दिवशी त्यावरून ह्यांचा मला तीनदा फोन आला, आता दिवसातून सात-आठदा येतो. मी भांडी घासत असले तरी हात पुसून घेते, कारण चूक झाली तर धूर आधी हर्षदच्या तोंडावर येईल, तो तिथेच गेटवर उभा असतो. काल सकाळी ह्यांचा आवाज दबका होता.

"कागदावर माल म्हनून रंगाचे डबे लिवलेत, पाटी पांढरी-काली, आकडा आठ."

"आठ म्हणजे अ‍ॅसिडसारखं, अंग जाळणारं. रंगाला लाल पाटी असते. कागद आणि पाटी जुळत नाही. आत घेऊ नका. गाडी बाजूला लावा, ड्रायव्हरला खाली उतरवा, कुणाला दार उघडू देऊ नका."

ह्यांनी माझा शब्द न् शब्द पलीकडे मोठ्याने म्हटला. फोन ठेवायचा राहून गेला होता. मला गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला, मग कुणीतरी ह्यांच्या पाठीवर थाप मारली.

"आरं वा निकेश!" अंबाजी म्हणत होते. "मी मॅडमला उगाच बोललो बघ. व्हिडिओ बघून शिकतो मानूस. शिकतो!"

फोन बंद झाला.

सासूबाई दारात लसूण सोलत होत्या. "कोनाचा गो फोन?"

"ऑफिसचा," मी म्हटलं.

त्या तोंडाला पदर लावून खूप हसल्या. मग म्हणाल्या, "बरं हापीसवाल्या बाई, निकेशला सांग, येताना कोथमीर आन म्हनावं."

"सांगते," मी म्हटलं.