नाव घ्यायची पंचाईत

मनकर्णेने नवस बोलताना घाई केली, एवढंच तिचं चुकलं.

पौषात तिचा नवरा मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळला. एकविसाव्या दिवशी तो घरच्या माणसांना ओळखेनासा झाला, तेव्हा ती अंगणात आली आणि मढीच्या दिशेला हात जोडून म्हणाली, "नाथबाबा, माझा मालक उठून बसू दे. पायी येईन, अन् गडाच्या पहिल्या पायरीवर उभी राहून तुझं नाव घेऊन हाक मारीन." चौथ्या दिवशी मालक उठून बसला आणि पिठलं मागू लागला. देवाने आपली बाजू चोख पार पाडली. आता बाईंची पाळी.

मढीच्या देवाचं नाव कानिफनाथ. मालकाचंही नाव कानिफनाथ.

बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, यावर आमच्या गावात दुमत नव्हतं. म्हणजे हाक मारली तर नवरा धोक्यात, आणि न मारली तर नवस राहिला म्हणून पुन्हा नवराच धोक्यात. तो मात्र खुशाल होता. गाव त्याला 'कानबा' म्हणे, बायको 'अहो' म्हणे, बैल तर काहीच म्हणत नसत, आणि त्याचं सगळं ठीक चाललं होतं.

रंगपंचमीला गडावर पोचायचं म्हणून आदल्या दिवशी पहाटे आम्ही सातजण निघालो. लढाईचे दिवस, साखर कंट्रोलात, त्यामुळे प्रत्येकाच्या फडक्यात गुळाच्या दशम्या. मढी आठ कोस. मनकर्णा अनवाणी, आणि पहिल्या कोसभरात तिने देवाला 'मढीवाले', 'गडावरचे' आणि 'आमच्या ह्यांचे नाववाले' अशा तीन नावांनी पुकारलं. मी मोजत होतो.

मिरी गावाच्या अलीकडे आमच्यातली साळूबाई म्हणाली, "अगं, उखान्यात घे की! उखान्यात घेतलं तर चालतंय."

मनकर्णेला ते पटलं. लाजत तिने घेतलं, "मिरीच्या रानात भरली कणसं, कानिफनाथांच्या मागं निघाली माणसं."

सगळ्यांनी वाहवा केली. पुढे चालणारा कानबा मान ताठ करून आणखी ऐटीत चालू लागला. त्याची ती ऐट पाहून मनकर्णा थबकली.

"हे तर ह्यांनाच पोचलं," ती म्हणाली. "उखान्यातलं नाव नवऱ्याला जातंय. देवाला कसं जाईल?"

यावर अर्धा कोस वाद झाला आणि उखाणा बाद ठरला.

पिंजाऱ्याची खातूनबी आमच्याबरोबर होती. दर साली यायची, पिंजारी घरीच राहायचा. ती म्हणाली, "येवढा घोर कशाला? आमच्यात गडावरच्या बाबाला शहा रमजान म्हनत्यात. तू तेच म्हण. तुझ्या मालकाचं काय जातंय?"

"व्हय की!" मनकर्णा उड्या मारायचीच राहिली होती. "खातूनबी, तुमी रोज म्हनता व्हय हे नाव?"

"या अल्ला! मी कशी म्हनू?" खातूनबीने दातांत जीभ धरली. आता बोलून गेली ते गेलंच. "आमच्या पिंजाऱ्याचं नाव न्हाई का तेच! मी रोज्याच्या महिन्याला 'रोज्याचा महिना' म्हनते, मग! बाबापुढं गेले की आपलं 'कानिफनाथ म्हाराज' म्हनते, गुपचूप."

तिथपासून तिसगावपर्यंत मोठी मौज झाली. मनकर्णा खड्या आवाजात 'शहा रमजान बाबा की' म्हणे, खातूनबी त्याहून वरच्या पट्टीत 'कानिफनाथ महाराज की' म्हणे, आणि 'जय' आम्ही सगळे मिळून. समोरून येणारे लोक बायकांच्या कपाळांकडे आणि बांगड्यांकडे आळीपाळीने पाहत निघून जात.

पण तिसगावच्या मुक्कामावर मनकर्णेला जेवण जाईना. "खातूनबी, बाबा एकच हाय, कबूल. पर नवस बोलले तवा माझ्या मनात ते नाव हुतं. बोलायचं एक अन् द्यायचं दुसरं, हे देवाशी कसं करू? त्यानं माझा मानूस दिलाय." खातूनबीने तिच्या तळपायाला तेल लावून दिलं.

सकाळी गडाच्या पायथ्याशी गेलो. यात्रेत गाढवांचा बाजार भरलेला. कानबा एका गाढवाचे दात पाहत होता. घ्यायचं नव्हतं, पण दात पाहायचे होते. मनकर्णा पहिल्या पायरीवर चढली. एकदा मागे वळून नवऱ्याला डोळे भरून पाहिलं, मग डोळे मिटले, आणि तिने दिली आरोळी,

"कानिफनाथ!"

"ओ! आलो, आलो!"

कानबा गाढव सोडून धावत सुटला. त्याची आई गेल्यापासून त्याला असं पुऱ्या नावानं कुणी हाकारलं नव्हतं. धापा टाकत तो पायरीपाशी आला. मनकर्णेने त्याचं मनगट घट्ट पकडलं, कपाळाला हात लावला.

"काय हुतंय का तुमाला?"

"भूक लागलीय."

तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच राग उसळला. "मग ओ कशाला दिलीत? आठ कोस चालून मी देवाला हाक मारली, अन् आलात तुमी!"

"मला काय ठाव? तू पहिल्यांदाच बोलावलंस. परत मार. आता गप बसतो."

त्याने मूठभर रेवड्या तोंडात कोंबल्या. मनकर्णेने पुन्हा हाक मारली, आता डोळे उघडे ठेवून आणि चांगली लांबवून. गर्दीतून तिघा अनोळखी बाप्यांनी ओ दिली. आमच्या कानबाने गाल फुगवून तोंड मिटून ठेवलं होतं. मनकर्णा त्याच्याकडे पाहून हसली आणि भराभर पायऱ्या चढू लागली.

खातूनबी मागे राहिली. तिने गावचं कुणी पाहत नाही ना ते पाहिलं; मी पोरगा, तिच्या हिशोबात नसेन. तोंडावर पदर धरून ती हळूच म्हणाली, "रमजान." आणि कान देऊन उभी राहिली.

"काय झालं, खातूनबी?"

ती दचकली. "काय न्हाई रे. लांब हाय घर. हाक पोचायला येळ लागंल."